कोपरखारच्या पोरांचा दिवा

या, पुढे सरकून बसा. मागे खांबाला टेकलेत त्यांनीही या. थकल्या माणसाने गोष्ट जवळून ऐकावी, कान कमी शिणतात. आजची गोष्ट पुराणातली नाही. ती घडायला अजून वीसेक वर्षं आहेत, पण सांगायची मात्र घडून गेल्यासारखीच. एक कीर्तनकार बाई, तिची भाची आणि गावातला एक दिवा, एवढाच पसारा. पखवाजाला कणीक लावून होईपर्यंत आपण खाडीकाठी पोचू.

कोपरखार हे खारेपाटातलं गाव. खाडीला मातीचा बांध घालून मागे सोडवलेली जमीन म्हणजे खार. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे चिखल, तिवरं आणि समुद्राचं पाणी. मोठ्या भरतीला ते पाणी शेताहून उंच उभं असतं. मधे काय, तर माणसाच्या हातची माती. बांध फुटला की म्हणायचं खांड गेली, आणि खांड गेली की ती जमीन कित्येक वर्षं मिठाची. म्हणून जुनी रीत अशी की प्रत्येक उधाणाच्या आधी घरटी एक माणूस फावडा घेऊन बांधावर. खेकड्यांची बिळं बुजवायची, गळती दिसली तिथे चिखल दाबायचा. या रीतीला जोळ म्हणत. जोळीला न जाणाऱ्याच्या घरी लग्नाचं जेवायलासुद्धा कोणी जात नसे.

पण आपली गोष्ट सुरू होते तेव्हा जोळ बंद पडली होती. ग्रामपंचायतीच्या उंच खांबावर दिवा आला होता ना! हिरवा असला तर झोपा, पिवळा झाला तर कान टवकारा, तांबडा झाला तर पळा बांधावर. हा दिवा विजेवर जळत होता, पण रंग बदलत होता तो गावातल्या पोरांच्या अंगावरून. प्रत्येक पोराच्या मनगटाला शाळेतून एक मऊ राखाडी पट्टी बांधलेली होती. पोरांना भीती वाटली की दिव्याला कळे.

कुंदाताई ठाकूर रोज देवळात जाताना त्या दिव्याकडे बघे आणि का कोण जाणे, हात जोडायचं टाळी.

कुंदाताई कीर्तनकार. नवरा गेल्यापासून माहेरीच, धाकटा भाऊ सुरेन याच्या घरी. सुरेन हा बांधाची आणि दिव्याची व्यवस्था बघणाऱ्या खार समितीचा अध्यक्ष. त्याची बायको पनवेलला नर्स, सुट्टीपुरती घरी. त्यामुळे सुरेनची मुलगी मंजिरी वाढली ती आत्याच्या पदराखाली, टाळ-पखवाजाच्या आवाजात. आता अकरा वर्षांची होती. पूर्वी ही पोर कीर्तनात पहिल्या रांगेत बसून आत्याच्या आधी पुढचं चरण म्हणून टाकायची. गेल्या वर्षभरात तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. जेवताना घास हातात धरून ती खाडीच्या बाजूला कान देई.

गावात सगळ्यांत आधी जिची पट्टी भीती टिपायची ती मंजिरी. हे गावाला कळलं होतं आणि तिथेच घोळ झाला.

एका सकाळी दोघी पद्माकरच्या दुकानात गेल्या. पद्माकरने काटा सोडून आधी पोरीच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय गो मंजे, साखर वरच्या फळीवर चढवू का राहू दे खाली?"

हसत विचारलं, पण नजर हसत नव्हती. बाजूला हौशी कोळीण टोपली टेकवून उभी होती. ती म्हणाली, "बघ की, तोंड कसं उतरलंय पोरीचं. मी आपलं जाळं लवकर काढते बाय."

"अगो, दात दुखतोय तिचा!" कुंदाताई म्हणाली. "दाताचं औषध आणायला आलोय आम्ही. जाळं कसलं काढतेस?"

"दात काय, कशानेही दुखेल. दिवा खोटं बोलत नाय." हौशीने टोपली उचललीच. पद्माकरनेही साखरेचं पोतं चढवायला घेतलं.

परत येताना मंजिरी म्हणाली, "आत्या, खरंच दातच दुखत होता."

"ठाऊक आहे गो मला."

"पण आता मला वाटतंय, दातच असेल ना नक्की?"

अकरा वर्षांच्या पोरीला स्वतःच्या दातावर भरवसा उरला नव्हता.

त्या आठवड्यात नीलोफर मुकादम घरी आली. ती श्रीवर्धनकडची, वयाने तिशीतली, या पट्ट्या ज्यांनी शोधल्या त्या संशोधकांतली एक. तिचं स्वतःचं आजोळ समुद्राने नेलं होतं, म्हणून हे काम ती पोटतिडकीने करी. ओटीवर बसून चहा पिताना कुंदाताईने तिला एकदा नीट विचारून घेतलं.

"मला अडाणी समजून सांग गो. पोरांच्या अंगातून खाडी कशी काय दिसते तुला?"

"ताई, मोठ्या माणसाच्या मेंदूची एक खोड असते," नीलोफर म्हणाली. "तोच धोका वारंवार आला आणि काही झालं नाही, की मेंदू त्याची घंटा वाजवणं बंद करतो. सवय होते. तुम्ही बांधावर उभ्या राहिलात तर पाणी दिसेल, पण छातीत काही होणार नाही. लहान पोरांत ती सवय अजून बसलेली नसते. चिखलाचा वास बदलला, पाण्याचा आवाज जड झाला, खेकडे भलत्या वेळी वर चढले, की त्यांच्या तळव्यांना घाम येतो, श्वास आखूड होतो, नाडीचे ठोके बदलतात. त्यांना स्वतःला कळायच्याही आधी. पट्टी तेवढंच टिपते."

"पोरं गणिताच्या पेपरालाही घाबरतात."

"घाबरतात ना. एकट्या पोराची पट्टी म्हणूनच कामाची नाही. पण सगळ्या पोरांच्या पट्ट्या एकत्र केल्या की कुणाचा पेपर, कुणाची पोटदुखी, कुणाचं भांडण हे एकमेकांत विरून जातं. सगळ्यांना एकदम जे जाणवलं तेवढंच उरतं. आणि खारेपाटात सगळ्यांना एकदम जाणवण्यासारखं एकच आहे."

कुंदाताईला ते कळलं. भजनात कोणी वर जातो, कोणी खाली घसरतो, पण वीस गळे एकत्र आले की गाभाऱ्यात घुमतो तो एकच सूर. नीलोफरने यंत्र केलं होतं ते खोटं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गावचा दिवा तांबडा झाला, माणसं धावली आणि खांड जाता जाता राहिली, हेही खरं होतं.

"मग ते शनिवारचं काय?" कुंदाताईने विचारलं.

नीलोफरने कप खाली ठेवला. दर शनिवारी शाळेत पोरांना बुडालेल्या गावांची चित्रफीत दाखवत. तरंगणारी गुरं, छपरावरची माणसं. वर्षभरात पोरांच्याही पट्ट्या मंदावू लागल्या होत्या. समितीला वाटलं, दिव्यात तेल घालायला हवं.

"ते मी सुचवलं नव्हतं, ताई," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "थांबवलंही नाही."

तेवढ्यात सुरेन आला. पायावरचा चिखल झटकत तिथेच उंबऱ्यावर बसला.

"ताई, नीलोफरने तुला सांगितलं का नाही? तिला जड जात असेल, मीच सांगतो. तुझं कीर्तन असलं की दिवा हिरवा होतो."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसं? बाहेर पाणी चढत असलं तरी हिरवा होतो! पोरं तुझ्या पुढ्यात बसली की त्यांचं भ्यायचं बंद. भाद्रपदाची उधाणं तोंडावर आहेत. यंदाच्या सप्ताहात पोरांना आत घेऊ नकोस."

कुंदाताईला आधी हसूच आलं. "अरे, देवाच्या दारात पोरांना भीती वाटत नाय, ही तक्रार घेऊन आलास तू माझ्याकडे?"

"तुझी चेष्टा ठेव बाजूला. अख्ख्या गावाची भातं आहेत बांधाच्या आत. खांड गेली तर तुझा देव येणाराय फावडा घेऊन?"

"देव नसेल येत. तुम्ही येत होतात पूर्वी."

"पूर्वी दिवा नव्हता," सुरेन म्हणाला. त्याच्या मते विषय तिथे संपला. कुंदाताईनेही ताणलं नाही. खरं म्हणजे तिचेही गुडघे दुखत होते आणि जोळ बंद झाल्याचं तिलाही सुख वाटलंच होतं.

दुसऱ्या दिवशी आत्या-भाची वालाची बिरडी सोलत बसल्या होत्या. मोड आलेला वाल बोटांत दाबायचा, साल निसटते. मंजिरीचे हात चालत होते, लक्ष नव्हतं.

"आत्या, मी मोठी कधी होणार?"

"कशाला एवढी घाई झालीय गो?"

"पट्टी निघेल म्हणून. रोशनदादाची निघाली. त्याला आता सवय झाली म्हणे. उधाण असलं तरी तो मोबाइल बघत पडून राहतो. त्याला काहीच वाटत नाय."

"आणि तुला?"

"मला पण काहीच नको वाटायला," मंजिरी म्हणाली.

कुंदाताईचा हात थांबला. उभा जन्म तिने हातात चिपळ्या घेऊन लोकांना हेच सांगितलं होतं की बाबांनो, जागे व्हा, संसाराची गुंगी उतरू द्या. आणि ही एवढीशी पोर समोर बसून गुंगी मागत होती.

"अगो, पाणी यायचं ते पुढे कधीतरी..." तिने सुरुवात केली.

"तुम्ही सगळे पुढेच म्हणता. बाबा पण, शाळेतल्या बाई पण. तुमचं पुढे म्हणजे तुम्ही नसाल तेव्हा. मी असणाराय ना तेव्हा, आत्या. माझ्यासाठी ते पुढे नाय." पोरीने एक साल टिचकीने उडवली. "आणि मी घाबरले की सगळे मला बघतात. बांधाला कोणी बघत नाय."

कुंदाताईने पोरीच्या केसांवरून ओला हात फिरवला आणि दोघी पुन्हा सोलू लागल्या.

सप्ताह सुरू झाला. कुंदाताईने भावाचं ऐकलं. पोरांना आत घेतलं नाही. मंडपाच्या बाहेर पोरं घोळक्याने उभी राहत, समितीचा माणूस त्यांना हाकले. आत मोठी माणसं बसत, जांभया देत, मधूनच मान वळवून दिवा बघत. कुंदाताई गात होती, पण गाणं भिंतीवर आपटून परत येत होतं. एकदा ती मधेच ओळ विसरली. पुढे बसून ती ओळ म्हणून टाकणारं कोणी नव्हतं.

पाऊस आठवडाभर हटला नव्हता. पौर्णिमा आली. त्या दिवशी दोन गोष्टी एकत्र आल्या. उधाणाचं पाणी दुपारी भरणार होतं, आणि सप्ताहाचं शेवटचं काल्याचं कीर्तन ते तर दुपारीच व्हायचं.

आता काला पोरांवाचून कसा होणार? कृष्णाचे सवंगडी कोणी व्हायचे? दही-लाह्यांना हात कोणी घालायचा? म्हाताऱ्यांनी सुरेनला सुनावलं, "पोरांशिवाय काला म्हणजे नवऱ्याशिवाय वरात. इतकी वर्षं बांध फुटले, जोडले, पण काला चुकला नाय." सुरेन शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पण लवकर उरका. आम्ही दिव्यावर लक्ष ठेवतो."

चूक झाली ती इथे. सगळी पोरं मंडपात असणार, म्हणजे दिव्याचं सगळं तेल मंडपात असणार. ही एवढी साधी गोष्ट भल्या भल्यांच्या ध्यानात आली नाही. नीलोफरच्याही नाही, ती त्या सकाळी दुसऱ्या गावचा दिवा दुरुस्त करून धावतपळत काल्याला पोचली होती.

देऊळ टेकाडावर, त्यामुळे मंडपातून खाली गाव दिसे, ग्रामपंचायतीचा खांब दिसे आणि त्याच्यापलीकडे बांधाची करडी रेघ. पोरं आली ती बांध फुटल्यासारखीच आली. कुणी मोरपीस खोचलेलं, कुणी घोंगडी पांघरलेली. कृष्णाच्या बोबड्या, लंगड्या सवंगड्याचं, पेंद्याचं काम मंजिरीकडे होतं. पहिल्यांदा ती लाजली. मग एक पाय ओढत मंडपभर फिरली आणि बोबड्या जिभेने म्हणाली, "कान्या ले, मला दही दे ले, नायतल तुझ्या आईला थांगेन!" मंडप फुटला हसून. त्या हसण्याने तिला जोर चढला. ती पडली, उठली, पखवाजवाल्याच्या मांडीवर जाऊन बसली, दह्यात हात घालून स्वतःच्या बापाच्या नाकाला लावून आली. आणि मग ती स्वतःच हसली, पोट धरून, तोंड पूर्ण उघडून. किती दिवसांनी तिच्या पडलेल्या दाताची फट दिसली!

कुंदाताईचे डोळे भरून आले. तिने ते लपवायला मान वळवली आणि समोर तो दिवा दिसला. हिरवागार. पालवी फुटल्यासारखा हिरवा.

खालच्या रांगेत समितीची माणसं निवांत रेलली होती. बांधाच्या रेघेवर एकही माणूस नव्हता. वारा पश्चिमेचा होता. पाणी भरायची वेळ झाली होती.

कुंदाताईने हात वर करून पखवाज थांबवला. "सुरेन, बांधावर कोण आहे?"

"कोणी नाय ताई. दिवा हिरवा आहे."

"दिवा हिरवा आहे कारण पेंद्या लंगडतोय."

लोक पुन्हा हसले. त्यांना वाटलं, कीर्तनातलाच विनोद. पण मागे नीलोफर ताडकन उठली होती. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. "ताई बरोबर बोलतात," ती ओरडली. "आत्ता दिव्याला खाडी दिसतच नाहीये! जा कोणीतरी, बघून या!"

कोणी हललं नाही. हलणार कसं? काल्याचा प्रसाद घेतल्याशिवाय कीर्तनातून उठायचं नसतं, ही हाडात मुरलेली रीत. आणि डोळ्यांसमोर हिरवा दिवा. एक म्हातारा म्हणाला, "काला वाटू द्या ताई, मग जाऊ. दिवा आहे की."

सुरेन मात्र पायऱ्या चढून तिच्यापाशी आला. तो मूर्ख नव्हता, घाबरला होता. नाकावर दही तसंच होतं. तिच्या कानाशी लागून तो म्हणाला, "ताई, तू फक्त पोरांना सांग, पाणी चढतंय म्हणून. एक शब्द बोल. दिवा आत्ता तांबडा होईल आणि सगळा मंडप धावत सुटेल. माझ्या बोलण्यावर उठणार नाय कोणी, दिव्यावर उठतील."

तो खरं बोलत होता. सर्वांत जवळचा रस्ता तोच होता. समोर मंजिरी उभी होती, धापा टाकत, हनुवटीवर लाही चिकटलेली, आत्या पुढे काय म्हणते याची वाट बघत. एक शब्द, आणि ते हसू मिटणार. पुढच्या खेपेला कीर्तनातसुद्धा ती खाडीकडे कान देऊन बसणार. मग तिला बसायला जगात कुठे जागा उरणार होती?

कुंदाताईने पितळेची रिकामी परात पुढे ओढली.

"गोपाळांनो, या इकडे. पट्ट्या काढा आणि टाका हिच्यात."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मंजिरी म्हणाली, "आत्या, काढायची नसते."

"आज मी सांगते. काढ."

पहिली पट्टी मंजिरीची पडली. मग टप टप पडतच राहिल्या. खांबावरचा हिरवा रंग आधी फिका झाला, मग थरथरला आणि एकाही मनगटाची खबर येईना तेव्हा विझला. बसवल्यापासून तो दिवा गावाने कधी विझलेला पाहिला नव्हता. मंडपात अशी शांतता पडली की खालून येणारा पाण्याचा आवाज ऐकू आला. जड, दाबलेला, ढोलावर ओलं कातडं असावं तसा.

"आता बघा," कुंदाताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढवायला तिच्यात जोरच नव्हता. "गोवर्धन उचलला तेव्हा देवाने करंगळी लावली आणि मोठ्या गोपाळांनी काठ्या लावल्या. तान्ह्या वासरांच्या डोक्यावर डोंगर दिला नव्हता कोणी. आपण दिला. पोरं भितील, आपण निजू. बाबांनो, तो डोंगर आता तुमच्यासमोर आहे आणि खाली दिवा नाय. प्रसाद मी राखून ठेवते, उठल्याचा दोष माझ्या माथी. उठा."

पहिली उठली ती हौशी कोळीण. पदर खोचला आणि कुणाकडे न बघता उतरणीला लागली. मग पद्माकर. मग बायका, मग सगळा मंडप. सुरेन बहिणीकडे असा काही बघून गेला की ते बघणं तिला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं. जाताना त्याने मंडपातली ताडपत्री ओढून खांद्यावर टाकली.

मंडपात पोरं, पखवाजवाला म्हातारा आणि कुंदाताई. तिनेही जावं असं तिच्या जिवाला फार वाटत होतं. पण पोरांना तिथे एकटं ठेवलं तर ती काय ऐकत बसतील हे तिला ठाऊक होतं. खालून हाका येऊ लागल्या होत्या.

"आत्या, बाबा कुठे गेले?"

"बांधावर."

"काय झालंय?"

खोटं बोलायचं तिच्या जिभेवर येऊन गेलं. "पाणी जास्त आहे," ती म्हणाली. "मोठी माणसं बघायला गेलीत. आपण इथे उंचावर आहोत. आपलं काम काला. चल पेंद्या, हंडी राहिलीय."

आणि ती गात राहिली. आवाज फाटला तरी गात राहिली. पोरांनी हंडी फोडली, लाह्या एकमेकांच्या डोक्यावर उधळल्या, खाल्ल्या. हळूहळू एकेक पोर पेंगू लागलं. मंजिरी सतरंजीवर आडवी झाली आणि बोलता बोलता झोपली. वर्षभराची झोप होती ती. खाली माणसं ओरडत होती, पाऊस पत्र्यावर आपटत होता, आणि पोर हात-पाय टाकून, तोंड उघडं ठेवून, घोरत होती.

बांधाची उघाडी, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायची लाकडी झडप, तिच्या कुशीला खेकड्यांनी पोखरलं होतं. माणसं पोचली तेव्हा मनगटाएवढी धार लागली होती. ताडपत्री, मातीची पोती, मंडपाचे बांबू, शेवटी माणसांच्या पाठी, सगळं लावलं. गावाच्या बाजूचा बांध टिकला. कोपऱ्याचा नाही टिकला. तिथे खांड गेली आणि कोपऱ्यातली शेतं पाण्याखाली गेली. त्यांत सुरेनचंही होतं.

तो वर आला तेव्हा छातीपर्यंत चिखलाने माखलेला होता. मंडपाच्या खांबाला धरून उभा राहिला.

"आपलं शेत गेलं," तो म्हणाला. "तू एक शब्द बोलली असतीस, तर जरा आधी पोचलो असतो."

"होय," कुंदाताई म्हणाली. ते कदाचित खरं होतं. तिने बचाव केला नाही.

सुरेनची नजर सतरंजीवर गेली. तो मुलीजवळ वाकला, चिखलाचा हात तिच्या कपाळाकडे नेला, मग मागे घेतला. तिला न उठवता तो पायरीवर जाऊन बसला आणि त्याने तोंड हातांत झाकून घेतलं.

नीलोफर परातीतल्या पट्ट्या गोळा करत होती. तिच्याही बाह्या चिखलाने भरलेल्या होत्या. "ताई, यंत्र नीट चालत होतं," ती म्हणाली. रागाने नव्हे, थकून.

"ठाऊक आहे गो. नीट चालत होतं म्हणूनच आम्ही बसून राहिलो."

"पुढच्या खेपेला दिवा नसेल आणि तुमचं चुकलं तर?"

"तर चुकेल. पण ते आमचं चुकणं असेल. त्या लेकरांचं नसेल."

नीलोफरने मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, ते कुंदाताईला कळलं नाही. पण परात घेऊन ती गेली आणि कोपरखारला पट्ट्या पुन्हा बांधायला कोणी आलं नाही. दुसऱ्या गावांत दिवे अजून आहेत. तिथे काय बरं, काय वाईट, ते त्या गावांना ठाऊक.

जोळ पुन्हा लागली. फार गोड लागली असं कोणी समजू नये. पद्माकर दर वेळी कंबर धरून बसतो, हौशी त्याला वाटेल ते बोलते, नव्या सुनांना चिखलाची किळस येते. सुरेन बहिणीशी पुरते दोन महिने कामापुरतंच बोलला. बांध दरवर्षी थोडा उंच करावा लागतो, कारण पाणी दरवर्षी थोडं उंच येतं. एक दिवस माती हरणार आहे, हे बांधावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आता त्यांनाही रात्री नीट झोप लागत नाही. मोठ्यांच्या छातीतली घंटा मेलेली नव्हती. ती वाजवायला तिथे जाऊन उभं राहावं लागतं, एवढंच.

मंजिरीची भीती गेली का? नाही. अशी जात नसते. पण पुढच्या उधाणाच्या सकाळी ती दारात आली. कुंदाताई गुडघ्याला तेल चोळत बसली होती.

"आत्या, आज भ्यायची पाळी कोणाची?"

"तुझ्या बाबाची. आणि माझी."

"दोघांची?"

"दोघांची."

मंजिरीने थोडा विचार केला. "मग मी जाऊ खेळायला?"

"जा."

ती गेली. गल्लीच्या टोकाला तिचा आरडाओरडा ऐकू येऊ लागला. कुणाशी तरी राज्य घेण्यावरून भांडत होती. कुंदाताईने फावडा उचलला आणि पाय ओढत बांधाच्या वाटेला लागली.

गोष्ट एवढीच. आता माझं एक मागणं आहे. घरी गेल्यावर, हातपाय धुऊन देवापुढे बसाल, तेव्हा आपल्या माणसांची नावं घ्याल. त्यांच्या शेवटी एक नाव मंजिरीचंही घ्या. ती अजून जन्मायची आहे.